लाकडाला विचारणाऱ्या मगदूम बाई

बाबा घरी बसले ते दिवाळीच्या आधी, आणि पुढची दिवाळी आली तरी उठले नाहीत.

शहराबाहेरच्या एका फौंड्रीत ते कामाला होते. तिथं साच्याची वाळू मळायचं मोठं यंत्र असतं, त्याला सगळे मिक्सरच म्हणतात. आत चिकटलेली वाळू खरवडायला माणूस आत उतरतो. त्या दिवशी बाबांचे जोडीदार शंकरकाका उतरले होते. सुपरवायझर लांबूनच ओरडला, "झालंय, लाव चालू." बटण बाबांनी दाबलं.

यापेक्षा जास्त आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही, मीही लिहिणार नाही. चौकशी झाली, बाबांवर काही आलं नाही. पण त्यानंतर ते कुठल्याच बटणाला हात लावेनात. पंखा नाही, दिवा नाही. आई एका खानावळीत भाकऱ्या थापायला जायला लागली. तिथनं उरलेला रस्सा यायचा, त्यावर आमची रात्र निघायची. घरातला चटणीचा मिक्सर तिनं शेजारच्या काकूंना देऊन टाकला आणि पाटा-वरवंटा परत काढला. संध्याकाळी मी शाळेतून यायची तेव्हा घर काळोखात असायचं आणि त्या काळोखात बाबा भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. दिवा मी लावायची. खट्ट आवाज झाला की त्यांचे खांदे उडायचे.

दहावी झाली की मी इचलकरंजीला आत्याकडं राहून यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला जायचं, असं ठरल्यातच जमा होतं. मला कॉलेजात जायचं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखी ती गोष्टच नव्हती.

अशा वर्षी मगदूम बाई आमच्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "गाईडला कोण कोण येणार?"

कुणी हात वर केला नाही. बाईंची सगळ्या शाळेला भीती होती, आणि त्यांनी आयुष्यात कुणाला छडी मारलेली नव्हती.

"राज्य पुरस्कारापर्यंत टिकलात तर दहावीला वाढीव गुण मिळतात," बाई म्हणाल्या. "चांगल्या सरकारी कॉलेजात जागा मिळायला तेवढे पुरतात कधीकधी."

मी हात वर केला.

मगदूम बाई भूगोल शिकवायच्या. उंच, काटकुळ्या, कायम फिक्या रंगाची साडी. शिरोळकडच्या शेतीवाल्या जैन घरातल्या. लग्न केलेलं नव्हतं. कोल्हापुरात माणूस शेजारच्याशी बोलतो तेही पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं. बाईंचा आवाज मात्र इतका हळू, की मागच्या बाकावरच्या मुली पुढं वाकून ऐकायच्या. त्यांच्या पावलांचाही आवाज नसायचा. मान वळवावी तर बाई दारात उभ्या, आणि त्यांची नजर आपल्या तोंडाकडं नाही, आपल्या पायांकडं.

"थांब," त्या म्हणायच्या. पाय हवेतच राहायचा. बाई वाकून कागदाच्या कपट्यावर काहीतरी उचलून घ्यायच्या आणि खिडकीबाहेर नेऊन ठेवायच्या. बऱ्याचदा कागदावर आम्हाला काहीच दिसायचं नाही.

"बाई, काय होतं?"

"होतं."

"आम्हाला न्हाई दिसलं."

"दिसत न्हाई म्हणजे न्हाई, असं नसतंय."

आमची मोगरा टोळी. टोळीची नायिका तेजस्विनी. तिच्या जिभेला हाड नव्हतं. एकदा कवायत संपल्यावर तिनं सरळ विचारलं, "बाई, गावात म्हणत्यात तुमची मुलगी विहिरीत पडून गेली. तवापास्नं तुम्ही असं करता. खरं हाय?"

आम्ही सगळ्या गार. बाई दोऱ्यांची गुंडाळी करत होत्या, ती करता करता म्हणाल्या, "एकच मुलगी? गेल्या वर्षापर्यंत दोन गेलत्या. एक वाचली वाटतं." मग हसल्या. "मला मुलगी न्हाई, तंगी. कधी नव्हतीच. आता घरला जा."

तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्यांच्याकडं कानडी नाती मराठीत अशीच मिसळलेली. जिला तंगी म्हणायच्या ती बाईंच्या मर्जीतली, असं आम्ही समजायचो.

गाईडची खोली जिन्याखाली होती. तिथं लाठ्या, दोऱ्या, तंबूचं कापड आणि ओल्या गोणपाटाचा वास. दाराला बाहेरून मोठं कुलूप. बाई किल्ली हातात घेऊन आधी दार वाजवायच्या. "कोण हाय का आत?" मग थांबायच्या. कान दाराकडं. आतून काही नाही अशी खात्री झाली की मगच किल्ली फिरवायच्या. रोज.

"बाई, कुलूप भाईरनं हाय की," तेजस्विनी म्हणाली. "आत कोण असणार?"

"कुलूप आपण लावलंय. आतल्यानं न्हाई लावलेलं."

त्या दिवसापासून त्या खोलीत एकटीनं जायचं आम्ही बंद केलं.

एकदा बाईंनी असंच वाजवलं, विचारलं आणि थांबल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबल्या. मग किल्ली पर्समध्ये परत टाकली.

"आज मैदानात बसूया."

"का बाई?"

"बसूया म्हटलं की."

दुसऱ्या दिवशी शिपाईमामांनी खोली उघडली. लाठ्या नेहमी कोपऱ्यात उभ्या असायच्या. त्या सगळ्या फरशीवर आडव्या होत्या, शेजारी शेजारी, टोकं एका रेषेत.

"मांजर शिरलं असंल," मामा म्हणाले.

"लई शिस्तीचं मांजर दिसतंय," तेजस्विनी पुटपुटली. पण लाठ्या उचलायला ती पुढं झाली नाही. बाई आल्या, त्यांनी एकेक लाठी उचलून पदरानं पुसली आणि जागेवर ठेवली.

बाईंच्या हाताखाली गाईड होणं म्हणजे काय, ते दुसऱ्या शाळेतल्या मुलींना कळायचं नाही. त्यांच्या सहली पावसाळ्यात निघायच्या. आमची पावसाळ्यात एकही नाही, कारण ओल्या गवतावर पाऊल टाकायचं नाही. शिबिरात बाई दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायच्या आणि मग पाण्याचा थेंबही नाही. आणि शेकोटी! बाकीच्यांची शेकोटी म्हणजे लाकडं रचली, रॉकेल शिंपडलं, काडी ओढली. आमची शेकोटी दुपारपासून सुरू व्हायची. बाई एकेक लाकूड घेऊन दगडावर हलकं आपटायच्या, कानाला लावायच्या आणि विचारायच्या, "कोण हाय का आत? असलात तर भाईर या. आम्ही जाळ करणाराय." मग ते लाकूड उन्हात ठेवून वाट बघायची. मुंग्या निघायच्या, कधी वाळवी, कधी गोम. कधी काहीच निघायचं नाही, तरी बाई एखादं लाकूड बाजूला सारायच्या. "ह्यात हाय कोणतरी." ते लाकूड जिथनं आणलं तिथं नेऊन ठेवायचं काम आमचं.

तसल्या लाकडाला हात लावताना कसं वाटायचं ते मी सांगू शकत नाही. ते बाकीच्यांपेक्षा जड नसायचं. पण नेताना आम्ही बोलायचो नाही, आणि ठेवल्यावर पाठ फिरवून जोरात पळत सुटायचो.

घरी मी हे आईला सांगितलं. ती चूल सारवत होती, बाबा भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"खुळी हाय बाई," आई म्हणाली.

"काय इचारतात म्हणालीस?" बाबांचा आवाज इतक्या दिवसांनी आला की आईच्या हातातलं फडकं थांबलं.

"कोण हाय का आत, असं."



नववीच्या हिवाळ्यात आमचं शिबिर गारगोटीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला पडलं. जवळ एक जुनी विहीर होती, दगडी, पायऱ्या ढासळलेल्या. पाणी तिथनंच आणायचं. बाईंचं पाणी गाळणं मी तोवर शिकले होते. जाड कापडाची दुहेरी घडी, त्यातून पाणी गाळायचं. कापडावर जे राहतं, म्हणजे आपल्याला काहीच दिसत नाही, पण बाईंच्या मते जे राहतं, ते थोड्या पाण्यानं धुऊन घ्यायचं आणि जिथलं पाणी तिथंच परत सोडायचं. दुसऱ्या विहिरीत नाही, ओढ्यात नाही, मोरीत तर नाहीच. "ज्यांचं घर जिथं, त्यांना तिथंच पोचवायचं." त्यासाठी त्यांचं एक पितळी भांडं होतं. त्याला वर एक कडी, बुडाला एक कडी, दोन्हींना दोरी. वरच्या दोरीनं भांडं खाली सोडायचं. पाण्याला टेकलं की ती सैल सोडून बुडाची दोरी ओढायची, म्हणजे भांडं अलगद पालथं होतं. उंचावरून ओतायचं नाही. पडून मरतील.

शिबिर मोडलं त्या सकाळी असं धुकं होतं की तंबूच्या खुंट्या हातानं चाचपून काढाव्या लागल्या. सामान टेम्पोत चढलं. मुली बसल्या. ड्रायव्हर बाजीरावमामांनी टेम्पो चालू केला. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "शेवटचं गाळलेलं कुणी सोडलं?"

"मी," तेजस्विनी म्हणाली. "लांब जायला नको म्हणून त्या सिमेंटच्या टाकीत ओतलं. पाणीच की बाई ते बी."

बाई टेम्पोतून उतरल्या. टाकीतलं पाणी त्यांनी भांड्यात घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. एकटीनं कुठं जायचं नाही, जोडीनं जायचं, हा गाईडचा नियम त्या स्वतःही पाळायच्या. मी उतरले.

विहीर दिसत नव्हती. पायाला दगड लागले तेव्हा कळलं की आलो. काठावर उभं राहून खाली बघावं तर पाणी नाही, नुसतं पांढरं. बाईंनी विचारलं, "कोण हाय का आत?" आणि भांडं सोडलं. ते त्या पांढऱ्यात गेलं. दोरी सरकत राहिली, मग थांबली. बाईंनी वरची दोरी सैल केली, बुडाची ओढली.

दोरी आली नाही.

ती ताणली गेली. अडकल्यावर दोरी ताणते तशी नाही. खालून कुणी हातात धरून उभं राहावं आणि त्या हाताला जरा हालचाल असावी, तशी. मी वाकून बघणार, तोच बाईंचा हात माझ्यापुढं आडवा आला.

"विचारल्याबिगर वाकायचं न्हाई."

त्यांनी ओढलं नाही. नुसत्या धरून उभ्या राहिल्या. "सावकाश," त्या खाली बघून म्हणाल्या. "आम्हाला घाई न्हाई." आमच्याशी बोलायच्या त्याच आवाजात.

दोरी हलकी झाली. बाईंनी भांडं वर घेतलं. बुडाच्या दोरीनं ओढलेलं भांडं पालथं यायला हवं होतं. ते सरळ आलं, काठोकाठ भरून. एक थेंब हिंदकळला नव्हता.

दोरीचा वेढा भांड्याच्या गळ्याला बसला असेल. विहिरीत जुना पाइप असेल, त्याला अडकलं असेल. मी पुढं पदार्थविज्ञान शिकले, मला आज कारण देता येतं. त्या सकाळी मी बाईंच्या पदराचं टोक धरून उभी होते.

बाईंनी त्या पाण्याकडं बघितलं. मग विहिरीत तोंड करून म्हणाल्या, "नको. आमचं झालंय. तुमचं तुम्हाला राहू दे." आणि ते भांडं तसंच परत खाली सोडलं. या वेळी ते पालथं होऊन, रिकामं वर आलं.

"नको म्हणायचं तरी नीट म्हणावं," त्या मला म्हणाल्या.

मागं कुणाच्या तरी श्वासाचा आवाज आला. मी किंचाळलेच. बाजीरावमामा होते, आम्हाला हाक मारायला आलेले. त्यांनी ते शेवटचं सगळं बघितलं होतं.

"बाई... कुणाशी बोललासा?"

"चला, उशीर झाला," बाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मामांनी गाणी लावली नाहीत. आणि दोन दिवसांत गल्लीगल्लीत झालं: मगदूम बाईला विहिरीतनं कुणीतरी पाणी दिलं, आणि बाई त्याला नको म्हणाली. प्रत्येकानं आपल्या पदरचं थोडं घातलं. एका घरी विहिरीतून हात आला होता, दुसऱ्या घरी बांगड्या वाजल्या होत्या. मुलींच्या दंडाला काळे दोरे आले. एकेक मुलगी पथकातून कमी व्हायला लागली. तेजस्विनीच्या आईनं तिचा गणवेश पेटीत घालून पेटीला कुलूप लावलं. मुख्याध्यापक म्हणाले, मुली नसतील तर पथक बंद, आणि पथक बंद तर राज्य पुरस्काराच्या चाचणीला कुणाचंच नाव पाठवता येणार नाही.

आईनंही सांगितलं, "बस झालं गाईड. ह्या घरावर आधीच एक सावट हाय, दुसरं नको."

म्हणजे वाढीव गुण गेले, कॉलेज गेलं. राहिल्या कांड्या.

मी बाईंना सांगितलं की मी उद्यापासून येणार नाही. बाईंनी कारण विचारलं नाही. म्हणाल्या, "चल, तुझ्या घरला येतो."

आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. आई यायची होती. घराचं दार उघडंच, आत काळोख. मी चप्पल काढून आत जाणार, एवढ्यात बाईंनी चौकटीवर बोटानं वाजवलं.

"कोण हाय का आत?"

काळोखातून काही आलं नाही. बाबा आत होते हे मला ठाऊक होतं. त्यांचा श्वास ऐकू येत होता, भरभर. मी बाईंना सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवून मला गप्प केलं आणि थांबल्या. दारासमोर थांबायच्या तशा, लाकडासमोर थांबायच्या तशा. शेजारच्या घरातली टीव्हीवरची मालिका ऐकू येत होती. मला वाटलं आता त्या वळतील आणि म्हणतील, आज नको.

"हाय," आतून आवाज आला. फाटलेला, माझ्या बापाचा वाटेना असा. "मी हाय. मी हाय आत."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग येऊ का?"

बाबा उठल्याचा आवाज आला. भिंतीवरून हात फिरल्याचा आवाज आला. तो बटणाच्या फळीपाशी थांबला. मग त्यांनी आम्हाला विचारलं, "लावू?"

"लावा," बाई म्हणाल्या.

दिवा लागला. बाबा फळीपाशी उभे होते, बोट अजून बटणावर.

आई आली तेव्हा बाई चटईवर बसल्या होत्या. सूर्य मावळलेला, त्यामुळं चहा नको, पाणी नको. आईनं आडपडदा ठेवला नाही. "बाई, त्या विहिरीत कोण हाय?"

"मला माहीत न्हाई."

"मग बोललासा कुणाशी?"

"जे कोण असंल त्याच्याशी."

"आणि कोणच नसंल तर?"

"तर माझे दोन शब्द वाया गेले. एवढंच."

आई बाबांकडं बघून म्हणाली, "ऐकलासा? अशा बाईच्या मागनं पोरगी रानोमाळ धाडायची? लोक काय म्हणत्यात कानावर हाय न्हवं?"

"हाय कानावर," बाबा म्हणाले. त्यांनी बटणाकडं बघितलं. "ही बाई जाळ लावायच्या आधी इचारती. आमच्यात कुणी इचारलं न्हाई. पोरगी हिच्याकडंच शिकू दे."

आई तोंडाला पदर लावून मोरीत गेली. परत त्या विषयावर ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून तेजस्विनीच्या घरी गेले. मग दुसऱ्या मुलींच्या घरी. सगळ्यांनी ऐकलं नाही. एका दारात त्यांना मिक्सरवरून बोलून घेतलं, ते त्यांनी खाली मान घालून ऐकलं आणि पुढच्या दाराला गेले. पथक उभं राहील इतक्या मुली परत आल्या. तेजस्विनी पहिल्याच दिवशी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मी भुताला भीत न्हाई. आमच्या आयला भितो, तिनं सोडलं म्हणून आलो." चाचणी शिबिरात बाईंनी आमची शेकोटी त्यांच्या पद्धतीनंच लावली. परीक्षक घड्याळ बघत ताटकळले. बाईंनी एकेक लाकडाला विचारलं. राज्य पुरस्कार मोगरा टोळीतल्या सगळ्यांना मिळाला.

मी अकरावीला गेले त्याच सुमाराला बाई निवृत्त होऊन गावी गेल्या. बाबा गुळाच्या अडतीवर कामाला लागले होते. पदवीचा निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेतले आणि नृसिंहवाडीकडं जाणारी एसटी धरली. बाईंचं गाव वाटेवर आहे. घरी त्यांची भाची होती.

"अक्का न्हाईत. फिरायला गेल्यात, मुलींना घेऊन."

"कुठल्या मुली?"

भाचीनं माझ्याकडं बघितलं, मग पेढ्यांचा पुडा माझ्या हातातून घेऊन आत ठेवून आली. "तुमची शेवटची गाडी चुकंल बघा," एवढंच म्हणाली.

परतीची एसटी गाव सोडून थोडी पुढं आली आणि मधेच थांबली. उन्हं उतरली होती, दोन्ही बाजूंना ऊस. रस्त्याच्या मध्यावर मगदूम बाई उभ्या होत्या. अधिक वाळलेल्या, केस पांढरे, एक हात गाडीला थांब म्हणून वर केलेला. दुसऱ्या हातानं त्या कुणालातरी पलीकडं जायला खुणावत होत्या. त्यांची नजर एका बाजूच्या उसाकडून दुसऱ्या बाजूच्या उसाकडं सावकाश सरकत होती, एकीमागून एक ओळ जाताना सरकते तशी. मधे एकदा त्यांनी वाकून कुणाच्यातरी पायापुढं काहीतरी उचललं. रस्त्यावर बाईंशिवाय कुणी नव्हतं. मी उभी राहून नीट बघितलं. कुणी नव्हतं.

"का थांबलाय ओ?" मागून एक पावणं ओरडलं.

"पोरी जाऊ देत की," ड्रायव्हर म्हणाला. त्यानं गाडी बंदच केली होती. कंडक्टर खाली बघून पैसे लावत होता. मी हाक मारली नाही.

सगळ्या गेल्या असाव्यात. बाईंनी ड्रायव्हरला मान लववून दाखवली, कुणाच्यातरी खांद्यावर ठेवावा तसा हात अधांतरी धरला आणि त्या उसातल्या वाटेनं आत गेल्या. उसाची पानं हलत राहिली. एका बाईच्या चालण्यानं हलतील त्यापेक्षा बरीच लांबपर्यंत हलत गेली. मग गाडी सुटली.

त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. पेढा त्यांनी तोंडात घातला का, तेही मला कळलं नाही.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली मी पहिली.